डॉबीच्या विसकटलेल्या पट्ट्या

बाबा गेले त्या दिवशी दादाने लूमवरचं कापड कापून आणलं आणि त्यांच्या अंगावर घातलं. दुकानातून नवं आणायला कोणीतरी निघालंही होतं. दादा म्हणाला, "जन्मभर लोकांना कापड विणून दिलं. आज त्यांच्यावर दुसऱ्याचं कशाला?" तो निजामपुऱ्यातल्या आमच्या कारखान्यात गेला आणि विणून रोलवर गुंडाळलेलं होतं तेवढं सगळं घेऊन आला. कात्री घाईत तिरकी चालली होती. कड सरळ करताना एक तिरका तुकडा निघाला, तो आईने उचलून पदराखाली घेतला. बाकीचं बाबांबरोबर गेलं.

कारखाना म्हणजे एका बोळातली चार लूमची खोली. तीन लूमवर साधं कापड निघे. चौथीवर बाबांची हौस. तिच्यावर डॉबी बसवलेली होती, आणि डॉबीची नक्षी ते स्वतः रचत. डॉबीवरून लाकडी पट्ट्यांची एक माळ फिरते. प्रत्येक पट्टीला ओळीने भोकं असतात. काहींत खुंटी ठोकलेली, काही रिकामी. जिथे खुंटी, तिथली चौकट आपल्यात ओवलेले उभे धागे वर उचलते. जिथे नाही, तिथले खाली राहतात. मधून धोटा आडवा धागा घेऊन जातो. मग पुढची पट्टी. माळ फिरून पहिल्या पट्टीवर आली की नक्षीचा एक फेरा पुरा होतो. बाबा गेले तेव्हा त्या लूमवर पांढऱ्या उभ्या धाग्यांचा रूळ, म्हणजे बीम, अर्धी विणून झाली होती, अर्धी शिल्लक होती.

लूम काढायच्या हे घरात न बोलताच ठरलं होतं. दादा राहनाळला एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर होता, मी कॉलेजच्या लायब्ररीत. कारखाना चालवणारं कोणी नव्हतं. आईने फक्त एक अट घातली. "बीम अर्धी सोडून गेला तो. ती पुरी होऊ दे, त्याच्याच नक्षीत. मंग काय विकायचं ते विका. वर्षश्राद्धाच्या आत करा म्हंजे झालं."

अट सोपी होती. दादाने ती अवघड करून ठेवली होती, आणि तेव्हा ते आईला ठाऊक नव्हतं.

तेरावं झाल्यावरच्या शुक्रवारी तो एकटाच कारखान्यात गेला होता. शुक्रवारी गावभर लूम बंद असतात. त्या शांततेत त्याने बाबांची लूम साफ करायला घेतली. बाबांना घाण खपत नसे, आणि आजारपणात डॉबीवर तेलाचा आणि कापसाच्या तंतूंचा जाड थर बसला होता. दादाने माळ उतरवली, कड्यांतून एकेक पट्टी सोडवली, रॉकेलच्या फडक्याने पुसली आणि पूजेची भांडी घासून पालथी घालावीत तशी, जागा मिळेल तिथे, वाळत ठेवली. खुंटी एकही हलली नाही, इतका जपून. शेवटच्या पट्टीवर फडकं फिरवताना त्याला थराखाली पेन्सिलीचा एक आकडा दिसला, आणि दिसता दिसताच तो पुसला गेला. बाबांनी प्रत्येक पट्टीवर क्रमांक घातलेला होता. दादाने सगळे पुसले होते.

मला त्याने हे सांगितलं तेव्हा तो आमच्या ओटीवर भिंतीला टेकून बसला होता. "बाय, मी बापसाची नक्षी पुसली," म्हणाला. त्यानंतर कित्येक दिवस तो आईच्या समोर जेवायला बसला नाही. ड्युटी लांबली म्हणे.

लूम चालवणारे चाचा आमच्याकडे माझ्या लहानपणापासून होते. दादाने आधी त्यांना विचारलं. ते हळहळले. "बेटा, हम तो टूटा धागा जोड़ते थे. डॉबी सेठ किसी को छूने नहीं देते थे." मग दादा पट्ट्या गोणीत भरून बाजारातल्या एका डिझाइन मास्टरकडे घेऊन गेला. त्याने गोणी उघडलीही नाही. म्हणाला, "जुनं कशाला शोधता? नवीन डिझाइन देतो, याच्याहून चांगलं." दादा गोणी उचलून परत आला. आईला नवीन नको होतं. मलाही नको होतं.

आता माझ्याबद्दल थोडं. लायब्ररीत कॉम्प्युटरची पुस्तकं येत, त्यांना कव्हरं घालता घालता मी ती वाचू लागले आणि वाचता वाचता थोडं प्रोग्रॅमिंग शिकले. शिकलेलं करून बघायला एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत जायचे. तिथे मला प्रोग्रॅमर लोकांचं एक फोरम सापडलं. जगभरची माणसं तिथे एकमेकांना अडलेलं विचारत आणि सांगत. मी दोन-अडीच वर्षं ते नुसतं वाचत होते. एक अक्षर लिहिलं नव्हतं. लग्नघरात दाराआड उभं राहून आतल्या गप्पा ऐकाव्यात, तसं. माणसं ओळखीची झाली होती, ती कोण कुठली हे मात्र नीट माहीत नव्हतं. टोपणनावांनी वावरत सगळे. एक होता त्याला मी मनातल्या मनात मास्तर म्हणायचे. त्याच्याकडे बर्फ पडे, कारण हिवाळ्यात तो उत्तराच्या शेवटी बर्फाने रस्ता बंद आहे वगैरे लिही. प्रश्न नीट मांडला नाही तर तो विचारणाऱ्याची सालटी काढे. आणि दक्षिणेकडची एक कॉलेजातली मुलगी होती, तिला कशाचंही चित्र करून बघायची खोड होती. तिथे सगळं इंग्रजीत चाले. मी ते माझ्या मराठीत सांगते आहे.

दादाची गोणी घरात आल्यावर मी एका रविवारी अंगणात पट्ट्या पसरल्या. खुंटी असेल तिथे एक, नसेल तिथे शून्य, असं लिहीत गेले आणि लिहिता लिहिताच माझ्या लक्षात आलं की ही फोरमवरच्या लोकांची भाषा आहे. त्यांना लूम ठाऊक नसेल, पण शून्य आणि एकांच्या विसकटलेल्या ओळी कोणी पुढ्यात टाकल्या तर त्यांना राहवणार नाही.

आईकडून तो तिरका तुकडा मागून घेतला. "कशाला?" तिने विचारलं. "फोटो काढायचाय." "हरवलास त बघ." कॅफेत स्कॅनर होता. तुकडा इस्त्री करून, हळुवार काचेवर ठेवून मी त्याचं चित्र काढलं आणि आयुष्यातला माझा पहिला प्रश्न फोरमवर लिहिला. एका नक्षीच्या ओळी आहेत, क्रम हरवला आहे. नक्षीचा एक छोटा तुकडा आहे, त्यात पूर्ण फेरा नाही. तुकड्याशी ओळी जुळवून सगळ्यांचा क्रम लावता येईल का? मरण, श्राद्ध, आई यातलं काही लिहिलं नाही. तिथे ते लिहायची रीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत जाऊन पाहिलं तर मास्तरचं उत्तर पहिलं. "गृहपाठ आमच्याकडून करून घ्यायला आलीस का?"

मी घाबरत लिहिलं, "नाही. माझ्या भावाने लूम साफ केली."

त्यावर मास्तरने लिहिलं, "समजलं. जगातले निम्मे बिघाड साफसफाईतून होतात. भावाला सांग, चालतंय ते पुसू नये."

आणि मग ते सगळे त्या प्रश्नावर तुटून पडले. चौकटी म्हणजे काय? खुंटी लाकडाची की लोखंडाची? एका पट्टीवर एकच ओळ का? माळ उलटी फिरवता येते का? मी दुपारी कॅफेत जाऊन उत्तरं लिहायचे, आणि जे माहीत नसेल ते संध्याकाळी चाचांना विचारून यायचे. कॅफेचे मालक पलीकडून ओरडत, "दीदी, लाइट जानेवाली है, सेव्ह कर लो!" लोडशेडिंगच्या वेळा त्यांना पाठ होत्या. कितीदा माझं अर्धं लिहिलेलं उत्तर अंधारात गेलं आणि पुन्हा लिहावं लागलं.

त्या लोकांना क्रमाशी जितकं घेणं होतं तितकंच वाटेत लागणाऱ्या प्रत्येक गोष्टीशी होतं. एकाने जुन्या यंत्रांची चित्रं शोधून आणली. दोघांचं यावरून भांडण झालं की अशा ओळींचे एकूण क्रम किती होतील, आणि ते भांडण मूळ प्रश्नापेक्षा लांब झालं. कोणीतरी प्रत्येक खुंटीला एक सूर दिला आणि चुकीच्या क्रमातल्या आमच्या पट्ट्यांचं गाणं करून ठेवलं. मी ते कॅफेतल्या हेडफोनवर ऐकलं. खड्-खड्-टिंग असं काहीतरी होतं. दुसऱ्या दिवशी दादाला बळेच घेऊन गेले आणि त्याच्या कानाला लावलं.

दादाने पूर्ण ऐकलं. मग हेडफोन काढून म्हणाला, "बापूस असता त म्हणाला असता, बेअरिंग गेली."

मी हसले. तोही हसला. मग मी त्याला मास्तरचं वाक्य सांगितलं, चालतंय ते पुसू नये.

"असं म्हणाला? कोण हाय तो?"

"माहीत नाही."

"म्हातारा असंल," दादा म्हणाला. "अनुभवाचं बोलतो."

त्या दिवशी तो घरी आईच्या समोर बसून जेवला.

मला त्या फोरमवर जाऊन जे मिळत होतं ते क्रमापेक्षा वेगळं होतं, हे तेव्हाही कळत होतं. घरी भेटायला येणारी माणसं ओटीवर बसताच आवाज खाली आणत. लायब्ररीत कोणी माझ्याकडून पुस्तक घेताना दोनदा आभार मानी. सगळे माझ्याकडे असं बघत, जणू माझ्या हातात भरलेलं भांडं आहे आणि मी ते सांडेन. फोरमवर मी फक्त पट्ट्यावाली होते. तिथे बाबांबद्दल लोक विचारत, ते असे: तुझे वडील इतक्या चौकटी का वापरतात? तुझे वडील आधी कागदावर काढतात का? एकदम खुंट्याच ठोकतात? आणि मी लिहायचे: कागदावर नाही काढत. मनात धरतात आणि ठोकत जातात. दुपारच्या त्या तासात बाबा आजारी नव्हते आणि गेलेही नव्हते. एका हातात हातोडी धरून ते कारखान्यात उकिडवे बसलेले होते. मी कोणाला खोटं सांगत नव्हते. कोणी विचारलंच नव्हतं.

पण क्रम लागत नव्हता. दक्षिणेकडच्या मुलीने तुकड्याच्या चित्रातून धागे वाचणारा प्रोग्रॅम लिहिला. आडवा धागा कुठे वर, कुठे खाली, ते तिने ओळीओळीने काढलं आणि माझ्या पट्ट्यांशी ताडून पाहिलं. एकही ओळ जुळेना. दुसऱ्या कोणी वेगळ्या रीतीने केलं. तेच. आठवडा गेला, मग आणखी एक. उत्तरं विरळ होत गेली. शेवटी मास्तरने लिहिलं: "एकही ओळ जुळत नाही याचा अर्थ एकच. या पट्ट्या आणि हे कापड एका नक्षीचं नाही. दुसऱ्या नक्षीच्या पट्ट्या तुझ्या हाती आल्या आहेत. आपण इथे बसून डोकं फोडण्यापेक्षा तू वडिलांना का विचारत नाहीस?"

मी ते दोनदा वाचलं. दादाला हे सांगायचं कसं, हा पहिला विचार. कारखान्यात दुसऱ्या पट्ट्या नव्हत्याच. आणि असत्या, आणि दादाने त्या नकळत गोणीत भरल्या असत्या, तर खऱ्या पट्ट्या कुठे? बाबा गेल्यानंतरच्या आवराआवरीत जळणात गेल्या?

मग मी लिहिलं: "वडील वारले. ही त्यांची शेवटची बीम आहे. म्हणून विचारते आहे." आणि लाइट जायच्या आत उठले.

दुसऱ्या दिवशी मी कॅफेत गेले नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. तिथेही आता सगळे आवाज खाली आणतील, एकामागून एक तेच वाक्य लिहितील, आणि ती एक जागा संपेल, असं वाटत होतं. आई मात्र विचारू लागली होती. तिला एव्हाना दादाने सगळं सांगून टाकलं होतं. तिने त्याला एक शब्द बोलून दाखवला नाही. फक्त मला म्हणाली, "काय म्हंतात गं तुजे ते लोक?" तुजे ते लोक. जणू नातेवाईकच.

तिसऱ्या दिवशी गेले. तिथे खूप उत्तरं नव्हती. मास्तरचं एक होतं, आणि त्याच्याखाली कोणी काही लिहिलं नव्हतं. सगळे थांबले असावेत.

"मग कापडाला विचारू," त्याने लिहिलं होतं. "मी पट्ट्यांना दोष दिला, ते घाईचं होतं. तो तुकडा लूमवरून उतरल्यापासून काचेवर जाईपर्यंत त्याचं काय काय झालं, सगळं लिही. मूर्खपणाचं वाटेल ते आधी लिही. आणि तुझे वडील काम कसं करायचे, तेही. तू बघितलं असशील."

मला फार बरं वाटलं. 

मग लिहायला घेतलं. कात्री तिरकी चालली, इथपासून. आईने तुकडा पदराखाली घेतला. मी इस्त्री केली. काचेवर ठेवताना सुलट बाजू काचेकडे केली. हे वाक्य लिहिताना वाटलं, हे काय लिहायचं, हे कोणालाही कळेल. आमच्या घरात कापड दुसऱ्या कोणापुढे टाकायचं ते सुलटच. गिऱ्हाईक असो की देव. लहानपणी मी एकदा व्यापाऱ्यापुढे तागा उलटा उलगडला होता तेव्हा बाबा म्हणाले होते, "माणसाला पाठ दाखवतेस का?" पण मास्तरने मूर्खपणाचं आधी लिहायला सांगितलं होतं, म्हणून ठेवलं तसंच.

पुढे बाबांबद्दल. मी शाळेतून येताना त्यांचा डबा घेऊन जायचे. बाबा दिसायचे नाहीत. दोन पाय दिसायचे, लूमखालून बाहेर आलेले. चालत्या लूमखाली उताणे पडून ते दाढीचा आरसा हातात धरायचे आणि वरच्या कापडाकडे बघायचे. मी विचारायचे, "बाबा, वरून दिसत नाही का?" ते खालून ओरडायचे, कारण लूमच्या आवाजात ओरडल्याशिवाय ऐकू येत नसे, "वरनं पाठ दिसते! तोंड खाली हाय!" एकदा त्यांनी मला समजावलं होतं. नक्षी सुलट विणायची तर लूमला दर वेळी जास्त चौकटी उचलाव्या लागतात. उलटी विणली तर कमी. "तिनं कशाला एवढं उचलायचं? आपण वाकून बघू."

इथे माझा हात थांबला.

मी ज्या बाजूचं चित्र काढलं होतं ती बाजू पट्ट्यांनी कधी बघितलीच नव्हती. पट्ट्यांना ठाऊक होती ती पाठ. जिथे पट्टी धागा उचले तिथे माझ्या चित्रात तो दबलेला होता, आणि डावं ते उजवं होतं. कापड करणाऱ्याच्या घरात जन्मून, कापड पाहुण्यापुढे मांडायच्या सवयीने, मी ते नटवून सुलट मांडलं होतं.

मी जे लिहिलं होतं ते तसंच पाठवलं आणि खाली एक ओळ जोडली: "कापड उलटं करा."

मालक म्हणाले, "दीदी, लाइट," आणि लाइट गेली. पण ते पाठवून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडच्या मुलीचं उत्तर आलं होतं. तिने नवं चित्र मागितलंच नाही. प्रोग्रॅममध्ये शून्याचं एक आणि एकाचं शून्य केलं, डावं उजवं केलं, आणि तुकड्यातली प्रत्येक ओळ आमच्या एकेका पट्टीशी जुळली. तिने उद्गारचिन्हांची रांगच लावली होती. त्याखाली कोणी आरशाबद्दल विचारलं होतं, कोणी लूमखाली पडण्यात धोका नाही का म्हणून. मास्तरने लिहिलं होतं, "पट्ट्या आणि भाऊ, दोघेही निर्दोष."

ते मी दादाला फोन करून सांगितलं. गोडाऊनमध्ये ट्रक लागला होता, मागे हमालांचा ओरडा चालू होता. "परत बोल," तो म्हणाला. मी परत बोलले. "बरं," म्हणाला, आणि फोन ठेवला नाही. 

अजून एक गाठ होती. तुकड्यात फेऱ्याचा काही भागच होता. उरलेल्या पट्ट्या दोन प्रकारे बसत होत्या. एका प्रकारात नक्षी जशी पायरी पायरीने चढली तशीच त्याच पायऱ्यांनी उतरे. दुसऱ्यात उतरताना जरासा वळसा घेऊन उतरे. मुलीने दोन्हींची चित्रं करून टाकली. फोरमवर दोन तट पडले. पहिला प्रकार जास्त नेटका आहे, म्हणून तोच खरा, असं बहुतेकांचं म्हणणं. मास्तर म्हणाला, "हे गणिताने ठरत नाही. ज्याने त्या माणसाबरोबर दिवस काढले त्याला दाखव."

मी दोन्ही चित्रं छापून घरी आणली. दादाने हात मागे घेतले. "मला नको विचारू, बाय. मी अंगावर घातलं तेव्हा बघितलंय, पण कागदावर मला न्हाय समजत. मी परत काहीतरी चुकवीन."

आई तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं, दोन्ही कागद उजेडाला धरले आणि वळशावाला माझ्याकडे दिला. "ह्यो."

"कशावरून गं?"

"तुजा बापूस गेल्या वाटेनं कवा परत आलाय? जाताना बाजारातून, येताना खाडीवरून. दोन वांगी आणाया गेलेला माणूस गाव फिरून यायचा. आन वर म्हणायचा, तीच वाट काय बघायची परत?" तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "ह्यो त्याचा. त्यो दुसरा कुना शहाण्याचा असंल."

चाचांनी आणि दादाने मिळून माळ ओवली. मी कागद धरून एकेक ओळ वाचत होते, दादा खुंट्यांवरून बोट फिरवून पट्टी शोधत होता, चाचा कडी अडकवत होते. ओवून झाल्यावर चाचांनी लूम चालू केली. आवाज सुरू झाला. चाचा थोडं विणून थांबले आणि वरून बघून म्हणाले, "ऊपर से तो कुछ समझ में नहीं आता."

दादा घरून बाबांचा दाढीचा आरसा घेऊन आला होता. त्याने शर्ट काढून बाजूला ठेवला आणि लूमखाली शिरला. बाहेर दोन पाय राहिले. मला बघवेना आणि नजरही काढवेना. आई पायरीवर बसली होती. कारखान्यात ती किती वर्षांनी आली असेल कोण जाणे. चाचांनी पुन्हा दांडा ओढला. धोटा या टोकाचा त्या टोकाला जाऊ लागला. माळेवरून पट्ट्या एकेक करून उतरत होत्या. तुकड्यातला भाग संपला असावा, मग वळसा आला असावा, मग माळ पुन्हा पहिल्या पट्टीवर आली. 

आई आवाजावर आवाज चढवून ओरडली, "काय दिसतं रं?"

पाय हलले नाहीत.

"अरे, काय दिसतं?"

"हाय!" दादा खालून ओरडला. "आये, तेच हाय! बापसाचंच हाय!"

चाचांनी लूम थांबवली नाही. त्यांनी फक्त माझ्याकडे बघून मान हलवली आणि आडव्या धाग्याच्या पुढच्या कांडीला हात घातला. आईने पदर तोंडाला लावला. मी इतक्या महिन्यांत तिला रडताना खूपदा पाहिलं होतं. हे तसं नव्हतं. ती लगेच थांबली, आणि म्हणाली, "त्याला सांगा, भाईर ये आता. केस जातील मशीनमधी." पण दादा बराच वेळ तिथेच होता.

बीम वर्षश्राद्धाच्या आधी संपली. शेवटचे धागे सुटून आले तेव्हा लूम आपोआप थांबल्यासारखी थांबली. ते कापड आईने तागा करून ठेवलं, पुढे घरातल्या पोरांना त्याचे सदरे झाले. माझ्याकडे त्यातली एक उशीची खोळ आहे. ती मी उलटी शिवून घेतली आहे, पाठ वर करून. शिंपी म्हणाला, "मॅडम, चुकतंय." मी म्हटलं, राहू दे.

फोरमची एक रीत होती. ज्याचा प्रश्न सुटला त्याने पूर्ण उत्तर स्वतः लिहून ठेवायचं, म्हणजे मागून येणाऱ्याला सापडेल. मी ते लिहिलं. पट्ट्या, तुकडा, सुलट, उलट, आरसा, वांगी, सगळं. माझं तिथलं सगळ्यात लांब लिखाण तेच. त्यानंतर मी तिथे बोलू लागले. इतरांच्या गोंधळात डोकं घालू लागले. मास्तर म्हातारा होता की तरुण, बाई होती की पुरुष, ते मला कधीच कळलं नाही. पुढे त्या फोरमवरची वर्दळ कमी होत गेली आणि एक दिवस ते उघडेनासं झालं. ती जागा संपेल म्हणून एकदा घाबरले होते, तशी तेव्हा घाबरले नाही. माणसं बोलून झाल्यावर उठून जातात, एवढंच वाटलं.

लूम घ्यायला माणूस आला तो शुक्रवार होता. तिन्ही साध्या लूम आधी टेम्पोत चढल्या. चौथी भंगारात जाणार होती, तिच्यासाठी भंगारवाला थांबला होता. मी पैसे आणि चहा यांच्यात गुंतले होते. बघते तर दादा दारात उकिडवा बसलेला, पुढ्यात डॉबीची माळ, हातात सुताराची पेन्सिल. तो एकेका पट्टीवर आकडा घालत होता.

भंगारवाला हसला. "सेठ, काय करता? ते तर आता जळणातच जाणार."

"जाऊ दे," दादा म्हणाला. "कोणाला पायजे झालं त?"

आणि पेन्सिल थुंकीने ओली करून त्याने पुढच्या पट्टीवरचा आकडा जरा ठळक काढला.